पायातली गाठ, रोजची गोळी आणि माणदेशातलं वर्ष

एकाच पायाची पोटरी सुजली आहे, हात लावला तर गरम लागते, दाबली की दुखते, आणि दुसरा पाय मात्र जसाच्या तसा आहे. असा पाय तेल लावून चोळायचा नाही. आपल्याकडे पाय धरला की घरातलं कुणीतरी तेलाची वाटी घेऊन बसतंच, आणि ते मायेपोटी असतं. पण खोल शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर चोळण्याने तिचा तुकडा सुटून थेट फुप्फुसाकडे जाऊ शकतो. म्हणून शेक, लेप, जळवा, आवळून बांधलेलं फडकं यातलं काहीच नको. शिरांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, करून घ्यावी. त्यासाठी माणदेशातल्या म्हसवडहून अकलूज, पंढरपूर किंवा सातारा गाठावं लागलं तरी त्याच दिवशी निघावं. पेरणी उरकू दे, जत्रा होऊ दे, असं म्हणत थांबू नये.

डॉपलरमध्ये गाठ निघाली, रक्त पातळ करायच्या सुया पोटात घेऊन झाल्या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन माणूस म्हसवडला परत आला, त्यापुढचं मी इथे लिहिते आहे. कोणती गोळी, किती आणि किती महिने हे डॉक्टरच ठरवणार. पण ती घ्यायची घरी असते, आणि या गोळीला रोजचा सारखेपणा लागतो. माणदेशात तर पाऊस सारखा नसतो, भाजी नसते, कामही नसतं. कधी उपास, कधी चारा छावणी, कधी मुंबईची गाडी. खरी अडचण तिथे आहे.

गोळी काय करते

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवण्याचं बरंचसं काम पोटरीचे स्नायू करतात. पाय हलला नाही, शिरेला इजा झाली किंवा रक्ताचा गोठण्याकडे कल वाढला की गाठ धरते. ही तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडोल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. १८५६मध्ये त्यांनी पायातली गाठ फुप्फुसात कशी जाते ते मांडलं होतं. प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण, कर्करोग, संततिनियमनाच्या काही गोळ्या आणि अंथरुणावर पडून राहणं ही त्याच तीन वाटांनी येणारी निमित्तं आहेत.

रक्त पातळ करायची गोळी झालेली गाठ विरघळवत नाही. ती गाठ वाढू देत नाही आणि नवी धरू देत नाही. आहे ती गाठ शरीर स्वतःच हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी, मुरवतं. त्यामुळे पंधरा दिवसांत सूज उतरली, आता कशाला गोळी, हा विचार घातक ठरतो. कमीत कमी तीन महिने उपचार लागतो, आणि निमित्त सापडलं नाही तर त्याहून बराच जास्त.

घरी आल्याबरोबर

पहिलं काम म्हणजे आपली गोळी कोणत्या जातीची आहे ते नीट कळून घेणं, कारण पुढची सगळी पथ्यं त्यावर ठरतात. एक जुनी जात आहे: वॉरफेरिन आणि असेनोकुमरॉल. असेनोकुमरॉल आपल्याकडे बहुतेकांना ॲसिट्रॉम या नावाने माहीत असतं. या गोळ्यांना रक्ताची आयएनआर तपासणी लागते. दुसरी जात नवी: रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डॅबिगॅट्रान. यांना आयएनआर लागत नाही, पण मूत्रपिंडाचं काम, म्हणजे क्रिएटिनिन, अधूनमधून बघावं लागतं.

मग एक वही घाला. पहिल्या पानावर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, कशासाठी चालू आहे, कधी सुरू झालं, डॉक्टरांचा फोन आणि घरातल्या एकाचा फोन. कंपनीचं नाव पुरत नाही, मूळ नावच हवं. माण, खानापूर, आटपाडीची किती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. परराज्यातल्या मेडिकलमध्ये तीच गोळी वेगळ्याच नावाने मिळते. या पानाचा फोटो आपल्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये ठेवा. ऊसतोडीला किंवा मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्याने ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावं.

मेडिकलमधून पाकीट घेतलं की काउंटरवरच मिलिग्रॅम वाचा. असेनोकुमरॉल १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. नाव तेच, आकडा वेगळा, आणि एकच्या जागी चारची गोळी आली तर आठवड्याच्या आत हिरड्यांतून रक्त येऊ लागू शकतं. वाचता येत नसेल तर जुनं रिकामं पाकीट सोबत नेऊन आकड्याशी आकडा जुळवून घ्या. औषध संपायच्या दोन आठवडे आधीच पुढचं आणून ठेवा. नव्या गोळ्यांच्या बाबतीत हे फारच जपायला हवं, कारण त्यांचा असर एक-दोन दिवसांतच उतरतो.

वेळ, आणि चुकलेली गोळी

जुनी गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी घेतात. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली, तर त्याच संध्याकाळपासून बदल करता येतो. एक दिवस दोन मिलिग्रॅम, एक दिवस तीन अशी आलटून-पालटून मात्रा असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या महिन्याचे आकडे आधीच लिहून ठेवा आणि गोळी गिळल्यावर त्या चौकटीत खूण करा. खूण गिळल्यावरच करायची, हातात घेतल्यावर नाही.

गोळी चुकली आणि त्याच दिवशी झोपायच्या आत आठवलं, तर घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर ती राहिली ती राहिली. वहीत लिहा आणि त्या दिवशीची नेहमीचीच घ्या. कालची आणि आजची मिळून दोन कधीच नाहीत. रिव्हारोक्साबानचे पहिले २१ दिवस मात्र वेगळे असतात. तेव्हा १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते आणि चुकलेल्या गोळीचा नियमही निराळा असतो. तो सुरुवातीलाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यानंतर २० मिलिग्रॅम एकदा. हा बदल कोणत्या तारखेला करायचा ते कालनिर्णयात ठळक लिहा, कारण नेमका तिथेच घोळ होतो. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात घालायची नाही, आणि मूळ पाकिटातून काढून डबीतही ठेवायची नाही.

आयएनआर

हा आकडा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतो. गोळी न घेणाऱ्याचा एकच्या आसपास असतो. पायातल्या गाठीसाठी तो २ ते ३च्या मध्ये ठेवतात. दोनच्या खाली गेला तर गोळी घेऊनही राखण नाही, आणि तीनच्या बराच वर गेला तर रक्तस्रावाची भीती. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा निराळा यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३मध्ये ही सामाईक मोजणी आणली, म्हणून आज साताऱ्याचा रिपोर्ट मुंबईत वाचता येतो. तरीही शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीत आधीच ठरावीक औषध असतं, त्यामुळे ती खुणेपर्यंत भरायलाच हवी. अर्धवट भरली तर आकडा चुकतो. सुई काढल्यावर हात दुमडून निघून न जाता कापूस पाच मिनिटं दाबून धरा. गावात रक्त घेऊन नमुना बाहेर पाठवत असतील तर रिपोर्ट कधी येणार ते विचारा, आणि आला की तसाच फाईलला न लावता आकडा डॉक्टरांना कळवा. सुरुवातीला तपासणी दर काही दिवसांनी होते, मग आठवड्याने, आणि आकडा बसला की साधारण महिन्याने. आकडा पाचच्या वर आला तर कुठून रक्त येत नसलं तरी त्याच दिवशी फोन करायचा.

भाजीचं वर्षभराचं गणित

या भागात मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दुष्काळी मुलखात आकडा हलतो तो बहुतेक इथेच.

जुन्या गोळीची गोष्ट गुरांच्या चाऱ्यातूनच सुरू होते. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं की रक्त थांबेचना. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी कारण शोधलं: बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि तो कुजका चारा गाडीत घालून विद्यापीठात पोचला. तिथले कार्ल पॉल लिंक आणि त्यांचे सहकारी पुढे सहा वर्षं त्या चाऱ्यामागे लागले आणि रक्त गोठू न देणारा पदार्थ त्यांनी वेगळा काढला. त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८मध्ये उंदीर मारायला आणि १९५४मध्ये माणसांच्या उपचाराला वापरात आलं. ज्या गावाने २०१२-१३ आणि २०१९च्या दुष्काळात चारा छावण्या पाहिल्या, त्या गावाला चाऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

ही जुनी गोळी शरीरात के जीवनसत्त्वाची वाट अडवते, आणि रक्त गोठवणारे काही घटक त्या जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाहीत. हे जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असतं: मेथी, पालक, शेपू, तांदुळजा, कांद्याची पात, करडई, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. पाला जास्त खाल्ला की आयएनआर खाली येतो, कमी खाल्ला की वर जातो. यावरून लोक पालेभाजी सोडून देतात, आणि ते चूक आहे. मुळात रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांनी तर ती मुळीच सोडू नये. जेवढी खाता तेवढीच खात राहायची, एवढंच पथ्य.

पण माणदेशात ‘तेवढीच’ कशी राहणार? पाऊस झाला की रानात तांदुळजा, पाथरी, घोळ फुकट मिळते. थंडीत मेथी स्वस्त होते, जेवताना कच्च्या पाल्याचा घोळाणा असतो, हरभरा खुडायला आलेला असतो. चैत्र-वैशाखात बाजारात पालेभाजीची जुडी परवडत नाही, मग ताटात हुलगा, मटकी, बेसन, फार तर वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला. तोही पालाच आहे, हे विसरू नका. थंडीत पाल्यावर बसवलेली मात्रा उन्हाळ्यात पाला गेला की जास्त होऊन बसते आणि आयएनआर चढतो. मृगानंतर रानभाजी आली की तोच उलटा उतरतो.

म्हणून दोन गोष्टी करा. आठवड्यातून किती वाट्या पालेभाजी खायची ते एकदा ठरवा, समजा तीन, आणि भाजी स्वस्त असतानाही तेवढ्यावरच थांबा. आणि ताटातला पाला बदलला, मग ऋतूमुळे असो, छावणीत मुक्काम पडल्यामुळे असो की मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यामुळे, की आठवडाभरात एक आयएनआर करा, महिना भरायची वाट पाहू नका. जुलाब, ताप किंवा तीन-चार दिवस अन्न न जाणं यानेही आकडा चढतो, तेव्हाही तपासा. नव्या जातीच्या गोळ्यांना पाल्याची अडचण नाही. त्या घेणाऱ्यांनी हवं ते खावं.

उपास आणि उभ्याचं नवरात्र

रिव्हारोक्साबानची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच लागू पडते. उपाशीपोटी घेतली तर २० मिलिग्रॅममधलं जेमतेम दोन-तृतीयांश अंगी लागतं. उपासाच्या दिवशी ती चहाबरोबर घेऊ नका. भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचं नीट जेवण होईल त्या वेळेला घ्या. पाणीही न घेण्याचे उपास या काळात टाळावेत. अपिक्साबानला जेवणाची अट नाही.

सिद्धनाथाच्या म्हसवडला दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उभ्याचं नवरात्र असतं. भाविक बारा दिवस बसत नाहीत. या व्रतामागची निष्ठा मी जाणते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. एका जागी उभं राहिलं की पोटरीचा पंप बंद पडतो आणि रक्त पायात साचतं. ज्याच्या खोल शिरेत गाठ आहे किंवा होती, त्याने हे व्रत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नये, आणि पहिल्या काही महिन्यांत तर नाहीच. यंदा घरातल्या दुसऱ्या कुणी उभं राहावं. चालण्याला मात्र आडकाठी नाही, उलट चालणं चांगलंच. अनवाणी चालणार असाल तर रात्री तळवे तपासा, काटा-खडा लागलेला असेल तर धुऊन बांधा. मार्गशीर्षातल्या रथाच्या गर्दीत दोरापाशी रेटारेटीत जाऊ नका.

दुखण्यावरची सुई

कंबर धरली, गुडघा दुखला की दवाखान्यात ‘एक सुई मारा’ म्हणायची आपल्याला सवय आहे. ती इथे मोडावीच लागेल. दंडात किंवा कमरेत दिलेल्या सुईने स्नायूत रक्त साकळू शकतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन पोटात रक्तस्राव घडवतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि थोडे दिवस. कोणत्याही डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य ‘मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ हेच असू द्या. दात काढणाऱ्यालाही हेच सांगा. पण त्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका.

मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनॅझोल, कोट्रायमॉक्सॅझोल ही औषधं जुन्या गोळीबरोबर आयएनआर चढवतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिटसाठीच्या काही गोळ्या उलट दोन्ही जातींचा असर उतरवतात. ही नावं पाठ करायची गरज नाही. नवं औषध सुरू झालं किंवा जुनं थांबलं की विचारायचं, इतकंच. काढे, गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल यांनाही हाच नियम लागू. फोडणीतला लसूण चालेल.

रान, गुरं, प्रवास

काम बंद करू नका. पडून राहण्याने गाठीचं भलं होत नाही. विळा-खुरपं चालवताना हातमोजे घाला, मारक्या जनावराची दावण दुसऱ्याला सोडायला सांगा, मोटरसायकलवर हेल्मेट घाला. कापलं तर हळद, चुना, तंबाखू भरू नका. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. घोळणा फुटला तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. साप चावला तर दवाखान्यात पोचताच गोळीचं सांगा. फुरसं आणि घोणस यांच्या विषानेही रक्त गोठत नाही, आणि डॉक्टरांना दोन्ही कारणं माहीत हवीत.

पायात झालेल्या गाठीनंतर २० ते ५० टक्के लोकांना पाय जड होणं, संध्याकाळी सूज, घोट्याजवळ काळपट कातडी असा त्रास पुढे राहतो. डॉक्टरांनी मापाचा दाबाचा मोजा दिला असेल तर तो सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवा, रात्री काढा. वैशाखात तो सोसवत नाही, हे खरं आहे. मग निदान दुपारी पाय छातीच्या वर राहतील असे उशीवर ठेवून पडा.

चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये सांगितलं. ते बस, रेल्वे, विमान सगळ्यांना लागू आहे. मुंबईच्या रात्रीच्या गाडीत कडेची जागा घ्या, दर तासाला घोटे वर-खाली करा, गाडी थांबेल तिथे उतरून चाला, पाणी प्या. लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत. त्यांच्यासाठी गाडी थांबवायला सोबतच्यांनी सांगावं.

बायकांसाठी

देवकार्य आलं की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणली जाते. पायात गाठ होऊन गेलेल्या बाईने ती घेऊ नये, कारण त्या गोळीनेच गाठीचा धोका वाढतो. संततिनियमनाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच. या उपचारात पाळीला जास्त जाऊ शकतं. पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल तर लाजेने गप्प बसू नका, हिमोग्लोबिन तपासा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. वॉरफेरिन आणि असेनोकुमरॉलने पहिल्या महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकतं, नव्या गोळ्याही गरोदरपणात देत नाहीत. तेव्हा पोटातल्या सुया देतात, आणि त्यांचं औषध बाळापर्यंत पोचत नाही.

१०८ला फोन कधी

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचतं, थुंकीत रक्त, भोवळ: गाठ फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं. डांबरासारखी काळी शौचास, रक्ताची उलटी, लाल लघवी, न थांबणारं रक्त, एकाएकी जोराचं डोकं दुखणं, तोंड वाकडं होणं: हा रक्तस्राव. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचंच. यातल्या कशासाठीही सकाळची वाट पाहायची नाही.

तीन महिन्यांनी

ठरलेल्या तारखेला वही आणि सगळे रिपोर्ट घेऊन जा आणि विचारा: गाठ कशाने झाली होती? ते कारण आता गेलं का? गोळी बंद करायची की चालू ठेवायची? बंद केली तर परत डॉपलर लागेल का? कारण सापडलंच नसेल तर आणखी कोणत्या तपासण्या? बंद करायचं ठरलं तरी वही फेकू नका. पुढे कधी प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबचं आजारपण आलं, तर तिचं पहिलं पान त्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, म्हणजे ते गरज पडली तर आधीच सुया सुरू करतील.